जंत, वावडिंग आणि लिंब : पशुचिकित्सेतील नामनिश्चय

शेळ्यामेंढ्यांच्या जंतांवर उपाय म्हणून वावडिंग, पळसपापडी, लिंबाचा पाला ही नावे मराठवाड्यातील पशुपालकांच्या बोलण्यात सहज येतात. आज संशोधकांचे लक्ष या नावांकडे वळण्यास सबळ कारण आहे. थायाबेंडाझोल हे कृमिनाशक १९६१ साली प्रचारात आले आणि १९६४ मध्येच मेंढ्यांतील हीमाँकस कृमी त्यास दाद देईनासे झाल्याचे नोंदविले गेले. पुढे आलेल्या औषधवर्गांचीही तीच गत झाली. तथापि लोकांकडून ऐकलेला उपाय प्रयोगशाळेत नेण्यापूर्वी त्यातील तीन नामांचा निश्चय व्हावयास हवा : वनस्पतीचे, रोगाचे आणि मापाचे. हे काम मुख्यतः भाषाभ्यासकाचे आहे.

प्रथम वनस्पतीचे नाव घेऊ. जालना जिल्ह्यात पळस डोळ्यांसमोर असतो. त्याच्या चपट्या बियांना पळसपापडी म्हणतात. येथे नाव व वस्तू यांत अंतर नाही. या बियांतील कृमिनाशक द्रव्याचे पॅलासोनिन हे नावही ‘पलाश’ या शब्दावरूनच पडले आहे. वावडिंगाची गोष्ट निराळी. संस्कृतातील विडंग ते हेच; अमरकोशात त्यास ‘कृमिघ्न’ असा पर्याय दिलेला आहे. परंतु ही वेल दमट डोंगराळ अरण्यातील. अंबड-भोकरदनकडील कोरड्या मुलखात ती नसून तिची मिऱ्यांसारखी वाळलेली फळे तेवढी दुकानातून येतात. साहजिकच ग्राहकास वनस्पती नव्हे, केवळ नाव ठाऊक असते. त्या एका नावाखाली एम्बेलिया रायबीस, तिच्या कुळातील दुसरी एक एम्बेलिया आणि मिरसिनी आफ्रिकाना नामक झुडूप, अशा भिन्न वनस्पतींची फळे बाजारात विकली जातात. एका गावी गुण आला व दुसऱ्या गावी आला नाही, तर दोष औषधाचा की नावाचा, हे कसे ठरवावयाचे?

‘लिंब’ या शब्दात धोका अधिक आहे. संस्कृत निंब शब्दाचे हे रूप मराठवाड्यात कडुनिंबास लावतात. कढीलिंब व बकाणनिंब ही नावेही त्याच शब्दावर उभी आहेत. पैकी बकाणाची फळे जनावरांना विषारी ठरतात. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले असते, बकाणाचे दोन-तीन वेळा. हा भेद पाहिल्यावाचून ‘निंबोळ्या चारतात’ एवढीच टिपणी केली, तर ती वाचून शेळी दगावण्याचा संभव आहे.

आता रोगाचे नाव. संस्कृतात ‘जन्तु’ म्हणजे कोणताही जीव. मराठीत ‘जंत’ या शब्दाचा अर्थ संकुचित होऊन तो प्रायः पोटातील कृमींना लागू झाला. उपाय लागू पडला हे सांगताना ‘जंत पडले’ असे म्हणतात, म्हणजे ते शेणात वा लेंडीत दिसले. असे दिसतात ते पट्टकृमींचे तुकडे व मोठे गोलकृमी. हीमाँकस मात्र शेळीच्या चौथ्या जठरात राहून रक्त शोषतो. तो बाहेर सहसा दिसत नाही. डोळ्यांची आतील त्वचा पांढुरकी होते, जबड्याखाली सूज येते, आणि जनावर मरते. तेव्हा ‘जंत पडले’ या साक्षीवरून हीमाँकसवरील गुण सिद्ध होत नाही. त्यासाठी औषध देण्यापूर्वी व नंतर सुमारे दोन आठवड्यांनी लेंडीतील अंडी मोजावी लागतात.

मापाचेही तसेच. ‘मूठभर’ ही मूठ पुरुषाची की स्त्रीची, पाला ओला की वाळलेला, करडाला की मोठ्या शेळीला? पॅलासोनिन हे कँथरिडीन या दाहक विषाशी रचनेने जवळचे असल्यामुळे हा प्रश्न गौण नव्हे.

म्हणून बोलींच्या सर्वेक्षणास जाणाऱ्या विद्यार्थ्याने नाव जसे उच्चारले तसेच लिहावे, गाव नोंदवावे, फुलाफळांसह फांदीचा नमुना वाळवून वनस्पतिशास्त्रज्ञास दाखवावा, मूठ तराजूत तोलावी, आणि ‘जंत’ म्हणजे नेमके काय पाहिले ते विचारावे. अशी नोंद पशुवैद्यास परीक्षणासाठी उपयोगी पडेल. नुसत्या नावांची यादी मात्र पशुपालकाच्या हाती पडल्यास अपायकारक ठरू शकते.