गोठित रेतमात्रेला अँटिऑक्सिडंटचे कवच, पण मदार द्रवनत्रावरच

वाशीम : जिल्ह्यातील पशुपालकांच्या गाई-म्हशींसाठी वापरली जाणारी गोठित रेतमात्रा उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवनत्रात साठविली जाते. मात्र गोठविताना व वितळविताना अनेक शुक्रजंतू निकामी होतात. त्यांच्या आवरणातील असंतृप्त स्निग्धाम्लांवर ऑक्सिजनचे क्रियाशील घटक आघात करतात, हे त्याचे एक कारण.

हा आघात रोखण्यासाठी रेत पातळ करण्याच्या द्रावणात ई जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन यांसारखे अँटिऑक्सिडंट मिसळण्याचे प्रयोग वळू, रेडा तसेच श्वानांच्या रेतावर झाले आहेत. अनेक प्रयोगांत शुक्रजंतूंची हालचाल सुधारली. गर्भधारणेतील वाढ मात्र तितक्या ठामपणे दिसलेली नाही. मात्रा अधिक झाल्यास अपायही संभवतो. कारण फलनक्षम होण्यासाठी शुक्रजंतूंना हे क्रियाशील घटक अल्प प्रमाणात आवश्यकच असतात.

शिवाय वाटेत नत्र आटले किंवा कांडी चुकीच्या पद्धतीने वितळविली, तर मृत शुक्रजंतूंना कोणतेही अँटिऑक्सिडंट जिवंत करू शकत नाही. रेतन वाया गेल्यास गाय पुन्हा माजावर येण्यासाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागते आणि तेवढाच वेताचा काळ लांबतो. त्यामुळे डब्यातील नत्राची पातळी राखणे आणि कांडी सुमारे ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट वितळविणे, ही काळजी आधी घ्यावी लागते.