पिलाला चावण्याची सवय लागू देऊ नये

मावळ तालुक्यातील लोहगडवाडी हे लोहगडाच्या पायथ्याचे गाव. २०२५ साली हा गड जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. गडावर जाणाऱ्यांची वाट याच गावातून जाते. पावसाळ्यात एकीकडे भाताची लावणी चालते व दुसरीकडे पर्यटकांची रीघ लागते. अशा गावी गोठ्याच्या राखणीस कुत्रा अवश्य हवा. परंतु तो घरच्या मुलांना किंवा वाटसरूंना चावणारा नसावा. हे वळण पिलू लहान असतानाच लावले पाहिजे.

पिलाचे चावणे हा बहुधा राग नसून खेळ असतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्यास दुधाचे दात येऊ लागतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागून कायमचे दात येतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. भावंडांशी खेळताना एकाने जोराने चावा घेतला की दुसरे केकाटते व खेळ सोडते. दातांचा जोर आवरण्याचा हा पहिला धडा होय. यास्तव आठ आठवडे पुरे होईपर्यंत पिलू आईपासून तोडू नये.

घरी आणल्यावर हाच धडा पुढे चालवावा. पिलाने हात धरताच हिसका न देता तो सैल सोडावा व उठून अर्धा मिनिट पाठ फिरवावी. चावले की खेळ संपतो, हे त्यास हळूहळू उमगते. चघळण्यास जाड दोराची गाठ द्यावी. शिजवलेली हाडे देऊ नयेत. त्यांच्या कपच्या घशात अडकतात. घरातील सर्वांनी एकच रीत पाळावी. मारझोड करू नये; भ्यालेला कुत्रा पुढे न गुरगुरताच चावतो. चावरा कुत्रा चांगली राखण करतो, ही समजूत खरी नव्हे. राखण भुंकण्याने होते.

याहून मोठे कारण रेबीजचे आहे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून रोगी सहसा वाचत नाही. लहान पिलापासूनही तो होऊ शकतो. दात वा नख लागून कातडी खरचटल्यास ती जागा ताबडतोब साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना वा तिखट लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व डॉक्टर सांगतील तितक्या वेळा लस टोचून घ्यावी. पोटात १४ इंजेक्शने देण्याची जुनी पद्धत आता राहिलेली नाही. लस बहुधा दंडावर देतात. पिलासही तीन महिने पूर्ण होताच पशुवैद्यकाकडून लस टोचवावी व पुढील मात्रा वेळेवर द्याव्यात.

रागावतील या भीतीने मुले ओरखडा लपवतात. त्यांना आजच जवळ बसवून सांगावे की, पिलू चावल्यास ते घरी लगेच सांगायचे. त्यासाठी कोणी रागावणार नाही.