खिशातील बारनिशी (लेखांक सातवा)

मागील लेखांकात घरातील राऊटरची व्यवस्था आपण पाहिली. परंतु ज्या गावी तारेची जोडणी अद्याप पोचलेली नाही, किंवा पोचूनही ऐन पावसाळ्यात जी आठ-आठ दिवस बंद पडून राहते, तेथे संगणकास इंटरनेटशी जोडून देण्याचे काम मोबाइल फोनवरच येऊन पडते. अँड्रॉइडच्या फोनांत हॉटस्पॉटची ही सोय २०१० साली आली, आयफोनात त्याच्या पुढील वर्षी. आज ती पोरासोरांच्याही अंगवळणी पडली आहे, मात्र बटण दाबताच आत कोणता कारभार सुरू होतो याची जिज्ञासा फारच थोड्यांस असते.

फोन या वेळी दोन रेडिओ एकदम चालवितो. एकाने तो दूरच्या टॉवरशी संधान राखतो आणि दुसऱ्याने, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर, खोलीपुरते वाय-फायचे जाळे उभारून त्यात शिरणाऱ्या संगणकास एक खाजगी पत्ता बहाल करतो. हा पत्ता खोलीबाहेर कवडीमोलाचा, कारण तसेच पत्ते जगातील असंख्य घरांत एकाच वेळी नांदत असतात. इंटरनेटवरील पत्ते देण्याच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी असल्यामुळे ही काटकसर अपरिहार्य ठरली.

मग बाहेरून आलेले उत्तर नेमके आपल्याच संगणकास कसे मिळते? सरकारी कचेरीतील बारनिशीच्या कारकुनाचे काम ज्यांनी पाहिले असेल, त्यांस हे चटकन उमजेल. संगणकाची मागणी बाहेर जाताना फोन तिच्यावरील प्रेषकाचा पत्ता काढून तेथे स्वतःचा घालतो, सोबत पोर्टचा एक क्रमांक लिहितो, आणि त्या क्रमांकामागील मूळ अर्जदार कोण याची नोंद स्मृतीत करून ठेवतो; उत्तर आले की नोंद पाहून ते ज्याचे त्याच्या हवाली करतो. ज्याची नोंदच नाही असे आगंतुक टपाल तो दाखल करून घेत नाही, त्यामुळे संगणकास अनायासे थोडे संरक्षणही लाभते. आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नसल्याने हा खटाटोप बहुधा लागत नाही. पण जुनी पद्धत अजून हयात आहे, आणि जुन्या पद्धती सहसा लवकर निवृत्त होत नाहीत.

फोन तापतो, बॅटरी झरझर उतरते, अशी तक्रार करणाऱ्यांनी साधी यूएसबी केबल जोडून पाहावी : वाय-फायच्या रेडिओस विश्रांती मिळते आणि फोन चार्जही होत राहतो. ब्लूटूथ वीज कमी खाते, परंतु त्याची गती पत्रव्यवहारापुरतीच.

खरी दक्षता घ्यावयाची ती निराळ्याच बाबतीत. वाय-फाय म्हटले की ते अमर्याद, अशी संगणकाची ठाम समजूत असते. म्हणून मालकास न विचारता तो अपडेट उतरवितो, छायाचित्रे वर चढवितो, आणि दिवसाला दीड-दोन जीबीची मर्यादा असलेल्या योजनेचा कोटा दुपारच्या आतच संपवून मोकळा होतो. विंडोजमध्ये त्या जोडणीच्या सेटिंगात ‘मीटर्ड’ ही खूण केली, की ही उधळपट्टी बरीचशी आवरते. मात्र ही तजवीज त्या हॉटस्पॉटच्या नावापुरतीच असते; हौसेने ते नाव बदलले, की संगणक त्यास नवी जोडणी समजून पुन्हा मुक्तहस्ताने खर्च करू लागतो.