मडके पक्के होते तेव्हा

आमच्या जिल्ह्याच्या गावाला निजामाच्या नावावरून उस्मानाबाद म्हणत. 2023 साली ते कागदोपत्री पुन्हा धाराशिव झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. उन्हाळ्यातली पाणीटंचाई मात्र नव्या नावाच्या धाकाने पळून गेली नाही. बँकेतल्या नोकरीत माणसांच्या नावांचेही असे बदल मी पुष्कळ पाहिले. प्रतिज्ञापत्र, राजपत्राची प्रत आणि सहीचा नवा नमुना एवढे आले, की खाते नव्या नावावर चढते. शिल्लक तीच, आणि कर्जही तेच! नाव बदलले म्हणून कुणाची थकबाकी सुटल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

म्हणूनच ख्रिस्ती धर्मातली ‘नव्या मनुष्या’ची कल्पना माझ्यासारख्या हिशेबी माणसाला चक्रावून टाकते. ख्रिस्ताशी जोडल्या गेलेल्या माणसाची घडणच नवी होते, असे संत पौलाने करिंथच्या मंडळीला कळवले आहे. येथे माफी आधी, सुधारणा मागून. देवाने ऋण सोडले, आपले म्हटले. आता त्या नात्याला शोभेलसे जगायचे. आधी पुण्य साठवा, मग देव जवळ करील, हा आपला नेहमीचा व्यवहार येथे उलटा होतो.

पण माफी मिळाली म्हणजे माणूस बदलला, असे मात्र येशूनेही गृहीत धरलेले नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याने सांगितलेला एक दृष्टान्त प्रत्येक बँकेत वाचून दाखवावा असा आहे. एका चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज राजा माफ करतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी; तेव्हा हा आकडा सहा कोटी दिवसांच्या मजुरीवर जातो! आणि तोच चाकर बाहेर पडताच शंभर दिवसांच्या मजुरीएवढ्या उसनवारीसाठी सोबत्याचा गळा धरतो. नवे नाते मिळाले होते. ते अंगात मुरले नव्हते.

हे मुरणे म्हणजे काय, ते आमच्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. तेर हे गोरोबाकाकांचे गाव. मी माळकरी घरात वाढलो, त्यामुळे ती कथा लहानपणापासून ऐकलेली. संतमंडळी तेरला जमली असता मुक्ताबाईने गोरोबांना मडकी पारखायला सांगितले. काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर हाणून पाहिले. नामदेव कुरकुरले, आणि मडके कच्चे ठरले! प्रत्यक्ष विठ्ठलाचा लाडका, तरी कच्चा. मग त्यांना विसोबा खेचरांकडे जावे लागले. चाकावर आकार क्षणात मिळतो. पक्केपणासाठी आव्यातच बसावे लागते.

मराठी ख्रिस्ती चरित्रांत हा आवा स्पष्ट दिसतो. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही तेथल्या धर्मभगिनींशी त्यांचे वाद चालूच राहिले. जे पटत नसे ते त्या मान्य करीत नसत. पुढे 1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी मोकळेपणाने सांगितले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता खरा, पण ख्रिस्त गवसला तो सुमारे आठ वर्षांनी. अशी कबुली द्यायला विद्वत्तेपेक्षा मोठे धैर्य लागते. केडगावच्या ‘मुक्ती’त दुष्काळाने उघड्यावर टाकलेल्या मुलींना मिळालेला आसरा आणि मूळ हिब्रू-ग्रीक शिकून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर, ही त्या शोधाची फळे.

रेव्हरंड टिळकांची तऱ्हा निराळी. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला, तरी ते नारायण वामन टिळकच राहिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. नवी ओळख म्हणजे साहेबी पेहराव नव्हे, हे त्यांनी अभंग आणि कीर्तनातून दाखवले. तरीही त्यांना स्वस्थता नव्हती. बावीस वर्षांनी, 1917 साली, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती.

आणि लक्ष्मीबाई! नवऱ्याच्या धर्मांतराने संसार मोडला. काही वर्षे ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळे टाकले नव्हते. जातपात देवाने केली की माणसांनी, याचा निवाडा त्यांनी आधी स्वतःशी केला आणि मग 1900 साली बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना वाटते, त्यांचा खरा विधी स्वयंपाकघरातच पार पडला होता.

ही जातच नव्या ओळखीची खरी कसोटी आहे. ख्रिस्तात यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र हा भेद उरत नाही, असे पौल सांगतो. आपल्याकडे मात्र जात पाठ सोडत नाही. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या आदेशात पुढे 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेले दलित अजून बाहेरच आहेत. गावाच्या लेखी जात कायम, सरकारच्या लेखी नाही! अशा घरातल्या तरुणाला दाखल्याच्या खिडकीपाशी विश्वासाची किंमत रोख मोजावी लागते. ती मोजूनही जो कडवट होत नाही, त्याचे मडके थापटण्याने वाजवून पाहायची गरज नाही.

जानेवारी 2020 मध्ये आमच्याच गावात 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एका धर्मगुरूच्या निवडीला विरोध झाला. पण ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षे चालवणारा आणि वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरलेला हा माणूस मराठीला परका नव्हता. 25 जुलै 2024 रोजी ते गेले. गोरोबांच्या जिल्ह्याने त्यांना मान दिला, याचे मला समाधान आहे.

स्वतः पौलानेही तुरुंगातून लिहिताना, आपण अजून पोचलो नाही, धावतोच आहोत, असेच म्हटले. मग तुमची-आमची काय कथा? आज रविवार. जिल्ह्यातल्या लहानमोठ्या चर्चमध्ये भक्ती होईल, क्षमेची प्रार्थना म्हटली जाईल. नव्या माणसाची परीक्षा मात्र उद्या सोमवारी आहे, शेताच्या बांधावर आणि दुकानाच्या गल्ल्यावर. जुनी उसनवारी न फेडलेला शेजारी पुन्हा दारात उभा राहील, तेव्हा.