नाव सांगा, तुमचं स्वतःचं

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारयाद्या बनत होत्या. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश इथल्या लाखो बायकांनी दारी आलेल्या कर्मचाऱ्याला आपलं नाव सांगितलंच नाही. त्या यादीत ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ म्हणून आल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना ते मान्य नव्हतं. नावं नोंदवायला बिहारला मुदत वाढवून दिली, तरी अखेर सुमारे 28 लाख बायका यादीबाहेर राहिल्या.

मी शिक्षिका आहे, आणि आमच्या भागाची बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. घरोघर यादी घेऊन हिंडणाऱ्या माझ्यासारखीला हा आकडा फार लागतो. बाईनं मत द्यायचं ते कुणाच्या नात्यानं, हा वाद तर त्याआधी तीस वर्षं चालला होता.

1919 मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन लंडनला जाऊन बायकांच्या मताधिकारासाठी बोलल्या. ब्रिटिश संसदेनं निर्णय प्रांतांवर सोपवला. मुंबईच्या कायदेमंडळानं 1921 मध्ये दार उघडलं, पण मालमत्तेची अट राहिली. आणि जमीनजुमला कितीशा बायकांच्या नावावर होता?

यावर सरकारनं तोड काढली ती अशी, की नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोला मत द्यावं. 1933 मध्ये राजकुमारी अमृत कौर, मुथुलक्ष्मी रेड्डी आणि शरीफा हमीद अली महिला संघटनांच्या वतीनं लंडनला संसदीय समितीपुढे गेल्या. त्यांची मागणी होती प्रत्येक सज्ञान माणसाला मत, नवऱ्याच्या जोरावरचं नको. या तिघींचं मला मोठं अप्रूप वाटतं. नवऱ्याच्या मालमत्तेची अट पत्करली असती तर मतदार बायका एकदम वाढणार होत्या, हे त्यांना कळत होतंच. तरी त्या बधल्या नाहीत. 1935 च्या कायद्यात ती अट आलीच. ती गेली 1950 मध्ये, राज्यघटनेनं.

म्हणून स्वतःचं नाव सांगितल्याशिवाय नोंद नाही, हा सेन यांचा नियम मला योग्य वाटतो, जरी त्याची किंमत बायकांनीच मोजली. बायका यादीबाहेर राहिल्यानं झालेल्या गदारोळातून पुढच्या निवडणुकीआधी नाव न सांगण्याची रूढी सुटेल, अशी त्यांना आशा होती.

नवी सून आली की फॉर्म भरताना अजूनही सासरे नाव सांगू लागतात. मी म्हणते, काका, वहिनींना बाहेर बोलवा. लग्नात बदललेलं नाव लिहायचं की माहेरचं, ते त्यांनाच विचारायचंय.