खोलीचे भाडे आणि साबणाची वडी

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण 'मालकी' या कल्पनेविषयी बोललो. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यांत एक प्रश्न अगदी साधा होता आणि म्हणूनच आम्हाला आवडला. एका श्रोत्याने विचारले, हॉटेलच्या खोलीत ठेवलेली साबणाची वडी नक्की कोणाची? आणि पुढे जोडले होते की, हल्ली दाढीच्या सामानाचे, टूथब्रशचे, जादा टॉवेलचे, दुसऱ्या पाण्याच्या बाटलीचे वेगळे पैसे लावतात. याला अन्याय म्हणायचे की नुसता कंजूषपणा?

प्रश्न लहान वाटतो. पण एखादी वस्तू दुसरीपासून वेगळी कधी म्हणायची, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न त्याच्या पोटात आहे. म्हणून आज तोच घेऊ.

आधी एक करू. रागवायची घाई नको. वेगळे पैसे लावणे ही काही आजची, पंचतारांकित लोकांनी काढलेली युक्ती नाही. नोकरीच्या काळात तोंडी परीक्षांसाठी, पेपर तपासायला आम्ही गावोगाव फिरलो. एस. टी. स्टँडसमोरच्या लॉजवर उतरायचे. तिथे गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे पैसे, जादा गादीचे वेगळे पैसे. यात्रेच्या गावी धर्मशाळेत उतरावे तर वळकटी आपली, तांब्या आपला, साबण आपला. पांघरूण किंवा स्वयंपाकाची भांडी हवी असतील तर त्यांचे भाडे भरायचे. यात कोणाला फसवल्यासारखे वाटत नसे. उलट ज्याला गार पाण्याने आंघोळ करायची आहे, त्याने दुसऱ्याच्या गरम पाण्याचे पैसे का भरावेत? तो हिशेब न्यायाचाच होता. आणि दर कुठे लिहिलेला असे? दारातच, गल्ल्याच्या मागच्या पाटीवर. खोलीची किल्ली हातात पडण्याआधी बादलीचा दर डोळ्यासमोर असे.

म्हणजे पैसे वेगळे लावले, एवढ्याने अन्याय होत नाही. मग लोकांना नेमके कुठे खुपते?

मिसळीचे उदाहरण घेऊ. मिसळीबरोबर दोन पाव येतात. तिसरा मागितला की पैसे पडतात, आणि आपण ते कुरकुर न करता देतो. पण वाटीभर जादा रस्सा मागितला आणि बिलात 'रस्सा' म्हणून वेगळी ओळ आली, तर? भांडण होते की नाही? काही ठिकाणी हल्ली ही ओळ येऊ लागली आहे, आणि तिथे जुनी गिऱ्हाइके मालकाशी तावातावाने बोलताना आम्ही पाहिली आहेत. पाव काय आणि रस्सा काय, दोन्ही खर्चाच्याच वस्तू. पण आपल्या मनात पाव मिसळीच्या शेजारी असतो आणि रस्सा मिसळीच्या आत असतो.

हा 'शेजारी' आणि 'आत' यांतला भेद वैशेषिक दर्शनाने फार बारकाईने केला आहे. दोन वस्तू एकत्र असण्याचे त्यांच्याकडे दोन वेगळे प्रकार आहेत. एक संयोग. हातात पुस्तक आहे; पुस्तक खाली ठेवले तरी हात हातच राहतो आणि पुस्तक पुस्तकच. दुसरा समवाय. वस्त्र आणि त्याचे तंतू. तंतू काढून घ्या आणि मग वस्त्र दाखवा पाहू! दाखवता येत नाही. अशा जोडीला ते अयुतसिद्ध म्हणतात, म्हणजे ज्यातला एक घटक दुसऱ्यावाचून उभाच राहू शकत नाही.

आता काटेकोर बोलायचे तर खोली आणि साबण यांच्यात संयोगच आहे, समवाय नाही. कणादमुनींची क्षमा मागून आम्ही त्यांचे शब्द थोडे उसने घेतो. हॉटेल आपल्याला काय विकते? चार भिंती नव्हे. ते एक रात्र विकते. परक्या गावात झोपणे, अंग धुणे, दार आतून लावून निर्धास्त असणे. या रात्रीपासून काय काढून घेतले की ती रात्रच उरत नाही? पलंग, स्वच्छ चादर, दिवा, वापरायचे आणि प्यायचे पाणी, संडास. हे समवायाचे. दाढीचे सामान, कागदी चपला, फ्रिजमधली काजूची पुडी हे संयोगाचे. साबण आणि टॉवेल मात्र अगदी सीमेवर बसले आहेत, आणि सगळी भांडणे सीमेवरच होतात.

ही सीमा कोणी दगडात कोरून ठेवलेली नाही, बरं का. जपानात साध्या हॉटेलातही टूथब्रश आणि रात्री घालायचा सुती झगा मिळण्याची रीत आहे. युरोपात आणि अमेरिकेत चांगल्या हॉटेलातही खोलीत टूथब्रश बहुधा नसतो. आपल्याकडे गरम पाणी कालपर्यंत बादलीच्या हिशेबात होते, गीझर आला आणि ते खोलीच्या आत गेले. रूढी बदलते तशी सीमा सरकते. सरकायला हरकत नाही. पण ती कोणी सरकवली, कधी सरकवली आणि आपल्याला केव्हा सांगितले, हे विचारायचा अधिकार पाहुण्याला आहे.

इथे एक न्यायालयीन निर्णय आठवतो. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल आणि रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. प्रश्न बाटलीबंद पाण्याचा होता. बाटलीवर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा हॉटेलने जास्त पैसे घ्यावेत का? न्यायालयाने म्हटले, घेता येतील. युक्तिवाद थोडक्यात असा की, माणूस हॉटेलात नुसती पाण्याची बाटली विकत घ्यायला जात नाही. तिथली बसण्याची जागा, वाढणारा माणूस, वातावरण या सगळ्यासकट तो ते पाणी घेतो. ती एक मिश्र सेवा आहे, दुकानातली विक्री नव्हे.

युक्तिवाद म्हणून हा चांगला आहे. आम्ही वर्गात शिकवला असता. पण मग तो शेवटपर्यंत पाळायला नको का? बाटलीची छापील किंमत ओलांडायची असते तेव्हा पाणी हे सेवेच्या आत असते, वेगळे काढता येत नाही. आणि खोलीचे बिल करायची वेळ आली की तेच पाणी टुणकन सेवेच्या बाहेर येऊन स्वतंत्र ओळीत बसते. सकाळी समवाय, संध्याकाळी संयोग! न्यायालयाने हे दुसरे सांगितले नव्हते, हे लक्षात घ्या. त्यांच्यापुढे तो प्रश्नच नव्हता. पण धंदा दोन्ही टोके सोयीप्रमाणे धरतो, आणि पाहुण्याला खुपते ते हेच. वीसतीस रुपये त्याला जड नसतात. आपल्याशी दोन व्याख्यांनी व्यवहार होतो आहे, हे त्याला कळते, शब्दांत मांडता आले नाही तरी कळते.

आता केव्हा सांगितले या मुद्द्याकडे वळू. आपण महाराष्ट्रातले लोक ठिबक सिंचन चांगले ओळखतो. नळीतून थेंब थेंब पाणी, नेमके मुळाशी. किंमत आकारण्याचीही एक ठिबक पद्धत आहे, इंग्रजीत तिला ड्रिप प्रायसिंग म्हणतात. आधी खोलीचा दर लहान दाखवायचा. मग नावगाव भरून झाले, मनाने आपण त्या गावी पोहोचलो, की एक शुल्क. नंतर आणखी एक. शेवटचा थेंब निघताना. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत फसवणुकीचे १३ प्रकार दिले आहेत आणि हा त्यांतलाच एक. त्याच्या व्याख्येत एक भाग आम्हाला फार मार्मिक वाटतो: पैसे आधीच भरलेली सेवा, आणखी काही विकत घेतल्याशिवाय ग्राहकाला वापरूच न देणे. खोलीचे पैसे भरले, पण प्यायला पाणी फक्त विकतच्या बाटलीतले. हे त्या व्याख्येच्या किती जवळ जाते ते तुम्हीच ठरवा. याच प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बिलात सेवाशुल्क आपोआप जोडायला मनाई केली होती, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी ती तत्त्वे कायम ठेवली. अमेरिकेतही मे २०२५ पासून हॉटेलांना सक्तीची सगळी शुल्के धरून एकूण दर आधीच दाखवावा लागतो. शुल्क घेऊ नका असे तो नियम म्हणत नाही. झाकू नका, एवढेच म्हणतो. आमच्या लॉजच्या पाटीला हे कळले होते.

पण काही ठिकाणी पैसे लावा असे सरकारच सांगते. दक्षिण कोरियात २९ मार्च २०२४ पासून ५० किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांना एकदाच वापरायचे टूथब्रश, टूथपेस्ट, शाम्पू, रेझर फुकट देता येत नाहीत. दिले तर दंड आहे. हाँगकाँगमध्ये त्याच वर्षी २२ एप्रिलपासून प्लास्टिकच्या अशा वस्तूंबाबत तसाच नियम आला, खोलीतल्या प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीसकट. विकायला परवानगी आहे. कॅलिफोर्नियाने शाम्पूच्या छोट्या बाटल्याच बंद केल्या, तिथे भिंतीला मोठी बाटली आली. ही किंमत नफ्यासाठी नाही, माणसाने घरून ब्रश आणावा म्हणून आहे. आणि खरे सांगा, किती घरांत कपाटाच्या खणात हॉटेलच्या साबणवड्या आणि शाम्पूच्या बाटल्या वर्षानुवर्षे पडून आहेत? पाहुणे आले की काढू म्हणून ठेवलेल्या, आणि पाहुणे आल्यावर न सापडणाऱ्या.

तेव्हा पर्यावरणाचे कारण खोटे नाही. ते पांघरूण म्हणून मात्र सहज वापरता येते. 'ग्रीनवॉशिंग' हा शब्दच मुळी हॉटेलच्या टॉवेलातून जन्मला. जे वेस्टरव्हेल्ड नावाच्या अमेरिकन पर्यावरणवाद्याने १९८६ च्या एका निबंधात तो वापरला. फिजीतल्या एका रिसॉर्टमध्ये त्याने कार्ड पाहिले होते: निसर्ग वाचवायचा तर टॉवेल पुन्हा वापरा. आणि तेच रिसॉर्ट शेजारी नवीन बांधकाम करून वाढत होते. धुलाईचा खर्च वाचला मालकाचा, पुण्याची पावती पाहुण्याच्या नावाने. म्हणून कसोटी सोपी आहे. टॉवेल न बदलल्याने वाचलेले पैसे कोणाच्या खिशात जातात, ते विचारा.

आणखी एक गंमत पैशाच्या स्वभावात आहे. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांचा एक अभ्यास झाला. नीझी आणि रुस्टिकीनी या अर्थशास्त्रज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. आईबाप मुलांना न्यायला उशिरा येत, म्हणून सहा ठिकाणी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी शिक्षिका खोळंबते म्हणून मनाला लागत होते. आता पैसे दिले की सुटलो. पुढे दंड काढून टाकला, तरी ती लाज परत आली नाही. खोलीतल्या प्रत्येक वस्तूला किंमतीचे लेबल चिकटवणाऱ्या हॉटेलवाल्याने हे वाचावे. ज्याचे पैसे लावले नाहीत, ते पाहुणा ओरबाडून वापरेल. गीझर चालू ठेवील, एसी चालू ठेवून फिरायला जाईल. संकोच हीसुद्धा हॉटेलची एक मिळकत होती, तीच त्याने विकून टाकली.

आणि शेवटी तो खोली सोडतानाचा प्रसंग. काउंटरवरचा मुलगा फोन उचलून वर सांगतो, अमुक नंबर चेक कर. पाहुणा बॅग घेऊन उभा. वर एक रूमबॉय टॉवेल मोजतो आहे, फ्रिज उघडून बाटल्या मोजतो आहे. चार मिनिटे. या चार मिनिटांत पाहुणा काय असतो? पाहुणा नसतो, संशयित असतो. लॅटिनमध्ये पाहुण्याचा शब्द होस्पेस, त्यातून हॉस्पिटल, होस्टेल, हॉटेल हे सगळे आले. आणि शत्रूचा शब्द होस्टिस. भाषाशास्त्रज्ञ सांगतात, दोघांचे मूळ एकच, परका माणूस. दारात आलेल्या परक्याला कुठल्या बाजूला घ्यायचे हे घरधन्याने ठरवायचे असते. आपल्या 'अतिथी' शब्दाचा परंपरेने सांगितलेला अर्थही न कळवता, तिथी न ठरवता येणारा असाच आहे. हॉटेलात तिथी ठरवून, आगाऊ पैसे भरून, आधार कार्डाची प्रत देऊन आलेला माणूस खरे तर अतिथी नव्हेच, तो गिऱ्हाईक आहे. हरकत नाही. पण गिऱ्हाइकालाही अब्रू असते. आणि त्या रूमबॉयलाही. एक टॉवेल कमी भरला तर पहिला जाब त्यालाच विचारतात, हे आपण काउंटरपाशी चरफडताना विसरतो.

आता श्रोत्याच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. साबणाची वडी, जी किंमत न लावता ठेवली आहे, ती फोडली की तुमची. उरलेली नेलीत तरी चोरी नाही. टॉवेल तुमचा नाही, तो वापरायला दिला आहे. किमतीचे कार्ड शेजारी ठेवलेला डबा तुम्ही उघडेपर्यंत हॉटेलचा. कार्डच नसेल आणि निघताना पैसे मागितले, तर शांतपणे विचारा की हा दर मला कुठे दाखवला होता. दाखवला नसेल तर ते पैसे देण्याचे बंधन आम्हाला तरी दिसत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. भिंतीला खिळवलेल्या शाम्पूच्या बाटलीबद्दल कोणी विचारलेले नाही.

टिप द्यावी की नाही, असाही एक प्रश्न आला आहे. तो पुढच्या वेळी घेऊ.