हॅम रेडिओचा डिजिटल आवाज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चेन्नईला रेडिओची हौस जुनी. सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकारानं 1924 साली मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब निघाला आणि 31 जुलैला त्याचं प्रसारणही सुरू झालं; 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव तेव्हा कुणी ऐकलेलंही नव्हतं. आज याच शहरातला नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, पहिला डिजिटल संच घ्यायला निघतो, तेव्हा डी-स्टार, डीएमआर आणि फ्यूजन ही तीन डिजिटल मानकांची नावं त्याला हमखास गोंधळात टाकतात.

गैरसमज: कोणताही डिजिटल संच घेतला तरी कुणाशीही बोलता येतं.

वस्तुस्थिती: येत नाही. डी-स्टार हे जपानच्या हौशी रेडिओ संघटनेनं खास हॅमसाठी घडवलं आणि आयकॉमच्या संचांतून ते पसरलं. डीएमआर हे युरोपच्या ईटीएसआय संस्थेचं 2005 सालचं मानक मुळात व्यावसायिक वॉकीटॉकीसाठीचं, हॅमनी ते आपलंसं केलं. फ्यूजन आणलं येसू कंपनीनं, 2013 मध्ये. डी-स्टारला 6.25 किलोहर्ट्झ जागा पुरते. डीएमआर 12.5 किलोहर्ट्झच्या एकाच वाहिनीवर 30-30 मिलिसेकंदांचे आळीपाळीनं स्लॉट पाडून दोन संभाषणं चालवतं. फ्यूजन तेवढीच जागा एका संभाषणाला देतं. साध्या एफएम संचावर डी-स्टार लागलं तर नुसती खरखर ऐकू येते, डीएमआर लागलं तर मोटारसायकलसारखी फटफट.

गैरसमज: मग ही मानकं जोडताच येत नाहीत.

वस्तुस्थिती: जोडता येतात, पण सगळी सारख्या सहजतेनं नाहीत. तिन्ही मानकं आवाज आकसून पाठवतात, त्यासाठी अमेरिकेच्या डीव्हीएसआय कंपनीचं एएमबीई तंत्र वापरतात. डीएमआर आणि फ्यूजनची नेहमीची पद्धत यांत त्याची एकच नवी आवृत्ती आहे, म्हणून आकसलेला आवाज तसाच पुढे सरकवता येतो. डी-स्टारची आवृत्ती जुनी. तिथे आवाज आधी उलगडावा लागतो, मग पुन्हा आकसावा लागतो. त्यासाठी बहुधा वेगळी चिप लागते आणि दर्जाही थोडा घसरतो.

गैरसमज: डी-स्टार खुलं, बाकीची कंपन्यांच्या मालकीची.

वस्तुस्थिती: डी-स्टारचं मानक खुलं असलं तरी आवाज आकसण्याचं तंत्र कंपनीचंच आहे. ही अडचण ओळखून ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड रो यांनी कोडेक-2 हे मुक्त तंत्र तयार केलं. त्याच्या आधारे पोलंडमधून एम-17 हे पूर्ण खुलं मानक पुढे आलं. मात्र त्यावर बोलणारे अजून मोजकेच.

गैरसमज: डिजिटल म्हणजे इंटरनेटवरच्या गप्पा, त्यामुळे पूर आला की बंद.

वस्तुस्थिती: यात अर्धंच खरं आहे. दोन संच थेट एकमेकांशी बोलत असतील, तर इंटरनेटचा संबंधच येत नाही. सिग्नल पकडून पुन्हा पुढे पाठवणारा एकटा रिपीटरही वीज असेपर्यंत आपल्या टापूत काम करतो. तुटतात ते इंटरनेटनं जोडलेले दूरचे दुवे. डिसेंबर 2015 च्या पुरात चेन्नईत अनेक भागांतले मोबाइल बंद पडले आणि 2 डिसेंबरला 'द हिंदू'सारखं दैनिकही छापता आलं नाही. अशा वेळी थेट संपर्काची सवय असलेला गटच कामाचा. आणखी एक खोच अशी की सिग्नल क्षीण झाला की एफएमवर खरखरीतूनही शब्द कळतात; डिजिटल आवाज मात्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम तुटतो.

गैरसमज: डिजिटलवर गुप्त बोलता येतं.

वस्तुस्थिती: काही डीएमआर संचांत सांकेतिकीकरणाची सोय असते. हौशी सेवेत मात्र साध्या, उघड भाषेतच बोलायचं असतं, म्हणून ती सोय वापरता येत नाही.

परवान्याशिवाय यातलं काहीच करता येत नाही. त्यासाठीची परीक्षा देऊन व्हीयू-2 किंवा व्हीयू-3 ने सुरू होणारं कॉलसाइन मिळालं की त्याच्या आधारे डीएमआरचा 404 ने सुरू होणारा सात आकडी क्रमांक मिळतो. संच घेण्याआधी आपल्या भागातला रिपीटर कोणत्या मानकाचा आहे आणि ओळखीचे हॅम कशावर बोलतात, एवढं विचारून घ्यावं. आणि कोणताही घेतला तरी त्यात साधं एफएम असल्याची खात्री करावी, कारण तिथे सगळ्यांची गाठ पडते.